‘येतो’ म्हणावे की निरोप घ्यावा?

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आम्ही हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवर मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. गाडीला पाऊण तास अवकाश होता. हातात पुस्तक होते, पण वाचनात मन लागत नव्हते. कारण दुपारीच आम्ही एका आजारी माणसाजवळून उठून आलो होतो, आणि उठताना जे बोललो ते मनाला टोचत होते. ते पुढे सांगू. तूर्त इतकेच, की अशा वेळी माणूस स्वतःच्या मनाचे ऐकणे टाळून इतरांचे बोलणे ऐकू लागतो, आणि त्या फलाटावर जे कानी पडत होते ते सारे निरोपाचेच बोलणे होते.

शेजारच्या बाकावर एक तेलुगू कुटुंब होते. नवी नवरी असावी अशी एक मुलगी आईच्या पाया पडून ‘वेळ्ळि वस्तानु’ म्हणाली. म्हणजे ‘जाऊन येते’. पलीकडे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ खिडकीतून मुलाचा हात धरून उभे होते. त्यांनी ‘ख़ुदा हाफ़िज़’ म्हटले आणि हात सोडला. नांदेडकडचे कोणी ‘येतो काका’ म्हणत डब्यात चढले, तेव्हा खालून ‘या, या, पोचल्यावर फोन करा’ असे उत्तर आले. कॉलेजातली चार मुले एकमेकांच्या पाठीवर थाप मारून ‘बाय’ म्हणाली आणि मोकळी झाली.

आपल्या मराठी घरांतून बाहेर पडताना ‘जातो’ हा शब्द सहसा कोणी उच्चारीत नाही. लहानपणी आमच्या तोंडून तो चुकून निघाला, तर आजी आम्हांला परत पायरीवर उभे करी आणि ‘येतो म्हण’ असे सांगे. मगच चप्पल घालायची परवानगी मिळे. पुढे प्रवास घडला तेव्हा कळले की ही काही आमच्या आजीचीच शिस्त नव्हे. तेलुगू माणूस जाऊन येतो, कानडी माणूस ‘होगि बरुत्तेने’ म्हणतो, तमिळ माणूस ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतो, अर्थ एकच. गुजराती यजमान ‘आवजो’ म्हणून पाहुण्याला पुन्हा येण्याचे सांगून ठेवतो. बंगाली माणूस तर जाण्याचा उल्लेखच न करता नुसते ‘आशि’ म्हणजे ‘येतो’ म्हणून निघतो, अगदी आपल्यासारखा. हैदराबादच्या दखनीत ‘जाको आतूं’ ऐकू येते. ज्या दखनीने आपला ‘नको’ घेऊन त्याचा ‘नक्को’ केला, तिने ही रीतही शेजाऱ्यांशी वाटून घेतलेली दिसते.

आमच्या ओळखीचे एक पाळकसाहेब या रीतीची थट्टा करीत. ‘जाणारा जातो म्हणाला तर आकाश कोसळते काय? हा सगळा शकुन-अपशकुनाचा अवशेष आहे, ख्रिस्ती माणसाने तो सोडून द्यावा,’ असे ते उपदेशातही म्हणत. मात्र उपासनेला निघताना ते स्वतः स्वयंपाकघराकडे तोंड करून ‘येतो गं’ असेच म्हणत, हे आम्ही कितीदा तरी ऐकले आहे.

भाषेचे हे वळण एका ठिकाणी मात्र आपोआप थांबते. ज्या घरी मृत्यू झाला आहे तेथून निघताना कोणी ‘येतो’ म्हणत नाही. अशा कारणाने पुन्हा येणे न होवो, म्हणून माणसे काही न बोलता उठतात आणि उंबरा ओलांडतात. ही चाल आपल्या ख्रिस्ती घरांतही राहिली आहे. तिच्यामागे भय थोडे आहे आणि विचार पुष्कळ आहे, असे आम्हांला वाटते. कारण तिच्यावरून इतके सिद्ध होते की ‘येतो’ हा शब्द आपण अगदीच बेसावधपणे उच्चारीत नाही. तो कोठे खरा ठरावा आणि कोठे ठरू नये हे आपल्याला आतून ठाऊक असते.

निरोपाची दुसरी जात म्हणजे माणसाला देवाच्या हवाली करणे. ‘ख़ुदा हाफ़िज़’ म्हणजे देव तुझा रक्षणकर्ता असो. आपल्या ‘हिफाजत’ शब्दाचे आणि या ‘हाफ़िज़’चे मूळ एकच. अलीकडे काही वर्षे ‘अल्लाह हाफ़िज़’ अधिक ऐकू येते. फ्रेंच ‘आद्यू’ आणि गोव्यात ज्याचा प्रतिध्वनी राहिला तो पोर्तुगीज ‘आदेउश’ यांचा अर्थ ‘देवाजवळ’ असा आहे. आणि आपण ज्याला अगदी निधर्मी शब्द समजतो तो ‘गुडबाय’ मुळात ‘देव तुजबरोबर असो’ या अर्थाच्या पूर्ण वाक्याचा झिजून उरलेला तुकडा आहे. त्यातला ‘गुड’ हा पूर्वीचा ‘गॉड’. पुढे लोकांनी ‘गुड’ही टाकला आणि ‘बाय’ ठेवला. म्हणजे आशीर्वादातून देव निघून गेला आणि नुसते ‘असो’ मागे राहिले! आपल्या मंडळ्यांतला ‘सलाम’ यापेक्षा बरा टिकला. शांती असा त्याचा अर्थ, इब्री ‘शालोम’चे ते भावंड, आणि तो येतानाही चालतो, जातानाही चालतो.

तिसरी जात आम्हांला सर्वांत मोलाची वाटते, आणि ती हैदराबादेत जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच दिसेल. तेथला सुसंस्कृत उर्दूभाषक उठताना ‘इजाज़त दीजिए’ म्हणतो. तेलुगूत निरोपाला ‘सेलवु’ म्हणतात; त्याच शब्दाचा अर्थ सुटी असाही होतो आणि परवानगी असाही होतो. आपण ‘रजा घेतो’ म्हणतो. ही रजा अरबीतून आली. तिचा मूळ अर्थ संमती, खुशी. इंग्रजीतही रजेचा आणि परवानगीचा शब्द एकच आहे. या सर्व भाषा जणू एकच गोष्ट सांगतात, की माणूस आपल्या मर्जीने दुसऱ्याजवळून उठून जाऊ शकत नाही. जो मागे राहतो त्याचा त्यात अधिकार आहे. त्याने सोडले तर जायचे.

आणि मराठीत ‘निरोप’ शब्दाने तर कमाल केली आहे. निरोप घेणे म्हणजे जाण्याची परवानगी घेणे, आणि निरोप देणे, निरोप पाठवणे म्हणजे दुसऱ्याच्या हाती सांगावा देणे. जुन्या मराठीत आज्ञा असाही त्याचा अर्थ होता. एकाच शब्दात जाणे आणि सांगावा या दोन गोष्टी का आल्या असाव्यात? आमची समजूत अशी की पूर्वी कोणीही गावाहून निघाला की मागे राहणारा त्याला काही ना काही सांगून पाठवीच. रिकाम्या हाताने आणि रिकाम्या कानाने कोणी जात नसे. निघणाऱ्याने थांबून विचारायचे आणि राहणाऱ्याने सांगायचे, तेव्हा निरोप पुरा व्हायचा.

आता त्या दुपारची हकिकत.

आमच्या थोरल्या आत्या हैदराबादेत राहत. माहेर जालन्याचे. रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात ज्या जालन्याजवळ बेथेल वसवले तो सारा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जालन्याच्या माणसाला राजधानी म्हणजे हैदराबाद. मनमाडहून निघणारी रेल्वे १९०० साली सुरू झाली आणि ती जालन्यावरूनच गेली. आत्यांचे यजमान त्याच रेल्वेत नोकरीला होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले, तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. कचेऱ्यांची वाटणी झाली, नोकरांची झाली. विवेकवर्धिनीत शिकलेली, उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून पदव्या घेतलेली मराठी माणसे बिऱ्हाडे बांधून औरंगाबादेकडे निघाली. आत्या सांगत, की त्या दिवसांत काचीगुड्याच्या फलाटावर रोज कोणी ना कोणी ‘येतो’ म्हणून गाडीत बसे, आणि त्यांतले फार थोडे कधी परत आले. आत्या मात्र राहिल्या. त्यांच्या बोलण्यात तिन्ही भाषांचे पाणी मिसळले होते.

आम्ही गेलो तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला जे सांगितले होते ते त्याने आम्हांला बाहेरच्या खोलीत सांगितले. आम्ही दोन तास बसलो. जुन्या गोष्टी निघाल्या, प्रार्थना झाली. मग घड्याळाकडे पाहून आम्ही उठलो आणि म्हणालो, ‘येतो आत्या. पुढच्या महिन्यात सवड काढून येतो.’

पुढचा महिना त्यांच्या पदरी नाही हे आम्हांला ठाऊक होते.

त्या ‘या’ म्हणाल्या नाहीत. जरा वेळ छताकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘जालन्याला धाकटीला एक सांगायचं होतं.’

‘सांगा ना आत्या.’

त्या थोडेसे हसल्या. ‘तू येणार आहेस ना पुढच्या महिन्यात? तेव्हा सांगीन. घाई काय आहे!’

त्यांनी आमचे बोलणे खरे मानले, की आमची लबाडी ओळखून ती आमच्याच पदरात घातली, हे आम्हांला आजही सांगता येत नाही.

हे सर्व एका मित्राला सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘यात खोटे काय झाले? पत्राच्या शेवटी आपण आपला आज्ञाधारक असे लिहितो, म्हणून कोणी आज्ञा करतो काय? तसेच हे.’ हे समाधान आम्ही घेऊन पाहिले, पण ते पुरले नाही. आपल्या प्रभूने बोलण्याविषयी घालून दिलेला नियम साधा आहे: होय ते होय असावे, नाही ते नाही असावे. त्याने रीतीच्या शब्दांना सूट दिल्याचे आमच्या वाचनात नाही. तरीपण ‘येतो’ म्हणणारा प्रत्येक जण खोटे बोलतो असेही म्हणता येणार नाही. १९५६ साली फलाटावरून निघालेल्या त्या माणसांनी ‘येतो’ म्हटले तेव्हा ते भविष्य सांगत नव्हते. माझे मन येथे आहे, दार लावून घेऊ नका, इतकेच ते सांगत होते. ते आले नाहीत, पण ते खोटेही बोलले नाहीत. याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात उद्याच्या बेतांविषयी जे बजावले आहे, की प्रभूची इच्छा असल्यास असे म्हणावे, ते अशा ‘येतो’मध्ये न बोलता धरलेले असते.

मग दोहोंतला फरक कोठे आहे? याचे उत्तर आम्हांला प्रेषितांच्या कृत्यांत सापडले, आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ही दोन ठिकाणे एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावीत अशी आमची विनंती आहे. पौल इफिसाहून दोनदा निरोप घेतो. पहिल्या वेळी, अठराव्या अध्यायात, लोक त्याला राहण्याचा आग्रह करतात; तो देवाची इच्छा असल्यास परत येईन असे सांगून निघतो. हे अगदी आपले ‘येतो’ आहे. आणि तो परत आलाही. एकोणिसाव्या अध्यायात तो पुन्हा इफिसातच आहे, आणि पुढे बराच काळ तेथेच राहतो. दुसऱ्या वेळी, विसाव्या अध्यायात, तो मिलेताला थांबून इफिसच्या मंडळीच्या वडिलांना बोलावून घेतो आणि त्यांना उघड सांगतो की माझे तोंड तुम्ही पुन्हा पाहणार नाही. माणूस तोच, गाव तेच. पण या वेळी ‘येतो’ नाही.

त्या दुसऱ्या निरोपात काय काय घडले ते पाहा. ज्या गोष्टी एरवी राहून गेल्या असत्या त्या सर्व बोलल्या गेल्या. कळपाची काळजी घेण्याविषयी त्याने बजावले, लांडग्यांविषयी सावध केले, आपण स्वतःच्या हातांनी कष्ट केले याची आठवण दिली. मग सर्वांनी गुडघे टेकले. मोठी माणसे गळ्यात पडून रडली. लूक मुद्दाम लिहितो की पुन्हा तोंड पाहणार नाही या शब्दाचेच त्यांना विशेष दुःख झाले. आणि तरी ते त्याला तारवापर्यंत पोचवायला गेले. पौलाने त्या दिवशी ‘येतो’ म्हटले असते, तर ते वडील वाटेत हवापाण्याच्या गोष्टी करीत घरी परतले असते, आणि आज आपल्या हाती तो अध्याय नसता.

प्रभूच्या शेवटच्या रात्रीही हेच दिसते. शिष्यांना खिन्नता येईल हे पाहूनही त्याने जाण्याचा शब्द टाळला नाही. मी जातो, असे त्याने त्यांना पुन्हा पुन्हा सांगितले. येण्याचे वचनही त्याच रात्री दिले. पण येण्याच्या वचनाने जाणे झाकून टाकले नाही. आमच्या हातून नेमके तेच घडले होते. आमचे ‘येतो’ इफिसच्या पहिल्या निरोपासारखे नव्हते, कारण येण्याचे आमच्या मनात नव्हते. आणि दुसऱ्यासारखे तर नव्हतेच. ते शब्द आत्यांना धीर देण्यासाठी होते असे आम्ही स्वतःला सांगत होतो. खरे पाहता त्यांनी धीर आम्हांला दिला. खोलीबाहेर पडणे सोपे केले.

येथे कोणी म्हणेल, मग आजाऱ्याच्या तोंडावर त्याचे मरण सांगावे काय? नाही. डॉक्टरांचे बोलणे डॉक्टरांनी वा जवळच्या माणसांनी योग्य वेळी सांगावे. भेटीला आलेल्याने ते पुढारपण करू नये. परंतु सर्व सांगणे आणि खोटे सांगणे यांच्या मध्ये बरीच मोकळी जागा आहे. त्या जागेत बसून ‘आत्या, पुन्हा भेट केव्हा होईल सांगता येत नाही, काही सांगायचे असेल तर आज सांगून ठेवा,’ एवढे म्हणता आले असते. याकोबाने मिसरात योसेफाला मी आता मरणार आहे असे स्वतः सांगितले आणि नातवांच्या डोक्यांवर हात ठेवले. पण ते सांगण्यासाठी आधी योसेफाला सर्व कारभार टाकून बापाच्या बिछान्याशी येऊन बसावे लागले. मरणाऱ्याजवळ बोलायचे पुष्कळ असते. त्याला ऐकणारा हवा असतो, आणि ऐकणारा जर पुढच्या महिन्याच्या गोष्टी करू लागला तर तो बिचारा सभ्यपणाने गप्प बसतो.

२०२० आणि २०२१ या साथीच्या वर्षांत कितीतरी घरांना ही संधीच मिळाली नाही. दवाखान्याचे दार बंद, स्मशानभूमीत मोजकी माणसे, शेवटचे बोलणे टेलिफोनच्या पडद्यावर. टेलिफोनवर आपण मराठी माणसे ‘ठेवतो’ म्हणून बोलणे संपवतो; कित्येकांच्या कानांत आपल्या माणसाचा शेवटचा शब्द म्हणून तेच ‘ठेवतो’ राहिले आहे. त्यांचा नाइलाज होता. आम्ही तर खाटेशेजारी बसलो होतो.

मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. वर्गातल्या मुलाची आजी जाते आणि घरची माणसे त्याला ‘आजी गावाला गेली, येईल’ असे सांगतात. मूल वाट पाहते. ते विचारायचे थांबते तेव्हा मोठ्यांना वाटते की ते विसरले. पण मुले विसरत नाहीत, मोठ्यांचे ‘येईल’ हे खरे नसते एवढे शिकतात. पुढे शब्बाथ शाळेत आपण त्याच मुलाला ख्रिस्त येईल असे शिकवतो, तेव्हा त्या ‘येईल’चे वजन त्याने काय धरावे? आमच्या माहितीतल्या एका शिक्षिकेने अशा एका मुलाकडून आजीला एक चिठ्ठी लिहवून घेतली आणि ती दफनाच्या वेळी पेटीत ठेवली. काहींनी नाक मुरडले. आम्हांला ती बाई शहाणी वाटली.

उपासनेच्या शेवटच्या आशीर्वचनाविषयीही एक शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. तोही एक निरोपच आहे. लोकांना देवाच्या हवाली करून घरी पाठवण्याचा. परंतु शेवटचे गीत सुरू होताच चपला शोधायला निघणारे बंधू प्रत्येक मंडळीत असतात. त्यांनी रजा न घेताच जाण्याची सवय का लावून घेतली आहे, हे त्यांनाच विचारले पाहिजे.

असो. गाडी आली. आम्ही डब्यात बसलो आणि सुटेपर्यंत दोनदा उठून दाराशी गेलो. आत्यांचे घर रिक्षाने फार तर वीस मिनिटांवर होते. तिकीट फुकट गेले असते, दुसऱ्या दिवशीचे एक काम बुडाले असते, याहून अधिक काही झाले नसते. तरी आम्ही उतरलो नाही.

अकरा दिवसांनी तार नव्हे, आता फोनच येतो, तो आला. आम्ही जालन्याला धाकट्या आत्यांकडे गेलो. त्या ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडणे होऊन गेले होते. आम्हांला पाहून म्हणाल्या, ‘तू जाऊन आला होतास ना तिच्याकडे. मला काही निरोप दिला का तिनं?’

‘तुमची आठवण काढत होत्या,’ आम्ही म्हणालो.

त्यांनी मान हलवली, आणि आणखी काही येईल म्हणून आमच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.